वयोमानानुसार

चष्म्याला 'चाळिशी' हें नांव मराठी भाषेनें देऊन ठेवलें आहे, याचें मला लहानपणीं मोठें कौतुक वाटे. आमचे आजोबा कोठें तरी चाळिशी विसरत, आणि मग सारें घर ती शोधूं लागे. पुढें इंग्रजीचा अध्यापक झालों, भाषेच्या खोडी काढण्याचा धंदाच पत्करला, तेव्हां ध्यानांत आलें कीं, वयाच्या बाबतींत आपली भाषा दिसते तितकी भोळी नाहीं. माणूस चाळिशीला आला कीं ती त्याच्या डोळ्यांवर कांचा चढविते. साठीला आला कीं 'साठी, बुद्धि नाठी' असें म्हणून त्याची अक्कल काढून घेते. आणि त्यानंतर त्यानें एखादा रंगीत सदरा अंगांत घातलाच, तर त्यासाठीं 'म्हातारचळ' हा खास शब्द तिनें अगोदरच तयार करून ठेवलेला असतो. हे शब्द बनविणाऱ्यांपैकीं कोणींहि समोरच्या माणसाला आधीं चार प्रश्न विचारून पाहिले असतील, असें मला वाटत नाहीं.

मी आज सत्तावन्न वर्षांचा आहे. म्हणजे चाळिशी जुनी झाली आहे, आणि साठी यावयाची आहे. या मधल्या मुलखांत आपण म्हातारे झालों कीं नाहीं हें माणसाला स्वतःला कळत नाहीं. तें इतरांच्या वागण्यावरून ताडावें लागतें. बसमध्यें एखादी मुलगी उठून जागा देते, तेव्हां तिचे आभार मानावे कीं तिच्यावर रागवावें, हा निर्णय होईपर्यंत आपण बसलेले असतों. २०२० सालीं टाळेबंदी झाली, आणि आम्हां साऱ्या अध्यापकांना घरीं पडद्यासमोर बसून शिकवावें लागलें. पहिले पंधरा दिवस माझ्याच काय, माझ्या तिशींतल्या सहकाऱ्यांच्या तासालाहि कधीं आवाज नाहींसा होई, कधीं चेहरा. त्यांचा आवाज गेला कीं दोष जोडणीचा असे. माझा गेला कीं वयाचा. पुढें हात बसला. वर्षाच्या अखेरीस एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं फोन करून अगदीं मनापासून सांगितलें, "सर, या वयांत तुम्ही किती छान शिकलांत!" मीं त्यांचे आभार मानले. रात्रीं मात्र लक्षांत आलें कीं, त्यांच्या मुलाला मी शेक्सपीअर कसा शिकवितों, याविषयीं त्या गृहस्थांनीं चकार शब्द काढला नव्हता.

परंतु हें सारें हंसण्यावारी नेण्याजोगें होतें. गेल्या जून महिन्यांत जें घडलें तें तसें नेतां आलें नाहीं.

आमच्या विभागाच्या प्रमुख माझ्याच एके काळच्या विद्यार्थिनी आहेत. चाळिशीच्या अलीकडच्या, हुशार, आणि कामाला वाघ. वर्गांत त्यांना मी नांवानें हाक मारीत असें. आतां सभेंत 'मॅडम' म्हणतों. त्या मला 'सर' म्हणतात, आणि दोघांनाहि थोडें अवघडल्यासारखें होतें. नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर अभ्यासक्रम बदलले, श्रेयांकांची मोजदाद आली, आणि परीक्षांचे सारे गुण संगणकाच्या एका नव्या दप्तरांत भरावयाचे ठरलें. विभागाच्या अंतर्गत परीक्षांचें काम अठरा वर्षें माझ्याकडे होतें. कोणत्या वर्गांत किती मुलें दिवसा नोकरी करून शिकतात, कोणाची तोंडी परीक्षा संध्याकाळीं ठेवावी लागते, कोणता परीक्षक सढळ आणि कोणता कवडीचुंबक, हें सारें माझ्या डोक्यांत होतें. सभेंत मॅडम म्हणाल्या, "सरांना आतां या दगदगींतून मोकळें करूं या. त्यांनीं आम्हांला मार्गदर्शन करावें." साऱ्यांनीं माना डोलावल्या. मींहि डोलावली. काम एका तरुण सहकाऱ्याकडे गेलें, आणि माझ्या वांट्याला स्वागत-समिति आली. पाहुण्यांसाठीं शाल आणि नारळ आणावयाचा, व समईंत तेल आहे कीं नाहीं हें पाहावयाचें, एवढाच त्या समितीचा व्याप. चार दिवसांनीं सभेचा वृत्तान्त हातीं आला. त्यांत मला 'वयोमानानुसार' परीक्षेच्या कामांतून मुक्त करण्यांत आल्याची नोंद होती.

घरीं तो कागद पत्नीला दाखविला. तिनें तो दोनदां वाचला आणि म्हणाली, "मग यांत वाईट काय झालें? दरवर्षीं मार्च आला कीं तुम्हींच त्या कामाच्या नांवानें बोटें मोडतां ना?" हें खरें होतें. पण कामाविषयीं कुरकुर करण्याचा हक्क हाहि त्या कामाचाच एक भाग असतो, आणि कामाबरोबर तोहि जातो, ही गोष्ट तिला समजावून सांगणें मला जमलें नाहीं.

मला खरा सलत होता तो त्या वृत्तान्तांतला एक शब्द. 'वयोमानानुसार' हा शब्द मोठा सभ्य आहे. त्यांत दोषारोप नाहीं, तुच्छता नाहीं. उलट थोडी काळजीच आहे. पण माणूस आणि त्याचें मोजमाप यांच्यामध्यें तो असा कांहीं उभा राहतो कीं, माणूस दिसतच नाहीं. हा शब्द आपण पूर्वीं कोठें तरी वाचला आहे, असें मला सारखें वाटत राहिलें. मध्यरात्रीं जाग आली आणि आठवलें. तो मीं वाचला नव्हता. मीं लिहिला होता.

१९९९ सालची गोष्ट. मी एकतीस वर्षांचा, नुकताच कायम झालेला, आणि ग्रंथालय-समितीचा उत्साही चिटणीस होतों. त्या वर्षीं महाविद्यालयानें ग्रंथालयासाठीं दोन संगणक घेतले, आणि पुस्तकांची सारी सूचि त्यांत भरावयाची ठरली. ही सूचि तोंवर कार्डांवर होती. लांकडी खणांचें उंच कपाट, प्रत्येक खणांत शेंकडों कार्डें, आणि तीं कोणीं पळवूं नयेत म्हणून त्यांच्या भोंकांतून ओवलेली पितळी सळई. हीं कार्डें जे लिहीत त्या कारकुनांना सारे 'काका' म्हणत. छपन्न वर्षांचे होते. बुटके, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला दोन पेनें, आणि अक्षर असें कीं छापील वाटावें. निवृत्तीला दोन वर्षें उरलीं होतीं.

मीं टिपण लिहिलें कीं, वयोमानानुसार त्यांना संगणकाचें काम झेपणार नाहीं, तरी त्यांची नेमणूक वाचनकक्षांत वर्तमानपत्रांच्या टेबलापाशीं करावी आणि सूचीच्या कामासाठीं दोन तरुण मुलें हंगामी घ्यावीं. हें लिहितांना मला आपल्या सहृदयतेचा अभिमान वाटल्याचें स्पष्ट आठवतें. टिपण मंजूर झालें. दुसऱ्या दिवशीं काकांनीं मला व्हरांड्यांत गांठलें. म्हणाले, "सर, एक विचारूं का? मला तें यंत्र येणार नाहीं, असें आपल्याला कोणीं सांगितलें?"

मीं म्हटलें, "कोणीं सांगितलें नाहीं, काका. तुम्हांला उगाच त्रास नको, एवढाच हेतु."

"बरें," असें म्हणून ते गेले, आणि वर्तमानपत्रें अडकविण्याच्या काठ्या पुसूं लागले.

त्या दोन मुलांनीं सहा महिन्यांत काम पुरें केलें. मुलें चांगलीं होतीं. त्यांना मीं दोष देत नाहीं. परंतु ज्यांनीं जुन्या ग्रंथालयांत खण ओढून पुस्तकें शोधलीं आहेत, त्यांना आठवत असेल कीं, कांहीं कार्डांवर पुस्तकाचें नांवच नसे, दाखलक्रमांकहि नसे. नुसतें लिहिलेलें असे, 'अमुक, पाहा तमुक'. मराठी ग्रंथालयाचा सारा प्राण या 'पाहा' कार्डांत आहे. कारण आमचे लेखक एका नांवानें कधीं राहिलेच नाहींत. राम गणेश गडकरी नाटकें स्वतःच्या नांवानें लिहीत, कविता 'गोविंदाग्रज' होऊन लिहीत, आणि विनोद 'बाळकराम' होऊन. वि. वा. शिरवाडकर नाटककार आणि कुसुमाग्रज कवि. 'छंदोरचना' ज्यांनीं लिहिली ते माधवराव पटवर्धन, कवितेच्या खणांत पाहावे तर माधव जूलियन. संगणकाच्या तक्त्यांत दाखलक्रमांक भरल्यावांचून पुढें जातांच येत नव्हतें. 'पाहा' कार्डांना क्रमांकच नव्हता. म्हणून मुलांनीं तीं सारीं बाजूला काढलीं. त्यांतून नांवें रोमन लिपींत भरावयाचीं होतीं. एका जोश्यांचे दोन जोशी झाले, आणि देशपांड्यांचे तीन. काकांना विचारावें, असें मुलांना सुचलें नाहीं, कारण काका वर्तमानपत्रांच्या टेबलावर होते. आणि ते तेथें कां होते, हें मला ठाऊक होतें.

एक दिवस मराठीची एक विद्यार्थिनी माझ्याकडे तक्रार घेऊन आली कीं, गडकऱ्यांचे विनोदी लेख आपल्या ग्रंथालयांत नाहींतच. संगणकानें तिला नाटकें तेवढीं दाखविलीं होतीं. मी तिला घेऊन वाचनकक्षांत गेलों, आणि संगणकावरच्या मुलाशीं आमचें बोलणें चाललें असतां पलीकडच्या टेबलावरून, मान वर न करतां, काका म्हणाले, "बाळकराम. मागची भिंत, तिसरें कपाट."

आपली चूक झाली हें कबूल करण्याचा तो क्षण होता. दोन ओळींचें दुसरें टिपण लिहून काकांना सूचीच्या कामावर परत आणतां आलें असतें. पण मग पहिलें टिपण कोणीं लिहिलें, हा प्रश्न निघाला असता. मी त्या मुलीकडे वळून हंसत म्हणालों, "पाहिलेंत? काकांची स्मृति या वयांतहि किती तल्लख आहे!" २००१ सालीं ते निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभांत मींच भाषण केलें, आणि तें फार चांगलें झालें असें सारे म्हणाले. काका आज हयात नाहींत.

आमच्या धंद्यांतल्या लोकांना मनाला टोंचणी लागली कीं कपाटाकडे वळण्याची खोड असते. मींहि वळलों, आणि मला सर विल्यम ऑस्लर सांपडले. हे मोठे वैद्य. अमेरिकेंतलें बाल्टिमोर सोडून ऑक्सफर्डला जावयाच्या आधीं, १९०५ सालीं, त्यांनीं एक निरोपाचें भाषण केलें. त्यांत त्यांनीं सांगितलें कीं, जगांतलें खरें काम पंचवीस ते चाळीस या वयांत होतें, आणि साठीनंतरचा माणूस निरुपयोगीच असतो. ओघांत त्यांनीं अँथनी ट्रॉलप यांच्या 'द फिक्स्ड पीरियड' या कादंबरीची थट्टेनें आठवण दिली. या कादंबरींत एका काल्पनिक बेटावर सदुसष्टाव्या वर्षीं माणसाला एका संस्थेंत नेऊन ठेवण्याचा, आणि मग यथावकाश सन्मानानें या जगांतून निरोप देण्याचा कायदा होतो. वर्तमानपत्रांनीं ती थट्टा खरी मानली आणि मोठें वादळ उठलें. गंमत अशी कीं, भाषण करणारे ऑस्लर त्या वेळीं पंचावन्न वर्षांचे होते. ज्या वैद्यकग्रंथानें त्यांचें नांव जगभर झालें, तो त्यांच्या बेचाळिसाव्या वर्षीं, १८९२ सालीं, प्रसिद्ध झालेला होता. आणि १९१९ सालीं, सत्तरी गांठतांना, ते क्लासिकल असोसिएशनचे अध्यक्ष म्हणून मानव्यविद्या आणि विज्ञान यांच्या नात्यावर व्याख्यान देत होते. ट्रॉलपचें तर काय सांगावें? कादंबरी १८८२ सालीं पुस्तकरूपानें निघाली, आणि त्याच वर्षीं तो स्वतः सदुसष्टाव्या वर्षीं वारला. कायदा करण्याची गरजच पडली नाहीं.

आमच्या सरकारनें अशी कादंबरी लिहिली नाहीं, परिपत्रकें लिहिलीं. इंग्रजी अमदानींत सरकारी नोकराची बुद्धि पंचावन्नाव्या वर्षीं नाठी होत असे. १९६२ सालीं केंद्र सरकारनें तिला अठ्ठावन्नपर्यंत मुदतवाढ दिली, आणि १९९८ सालीं साठपर्यंत. महाराष्ट्र सरकारनें मात्र त्यानंतरहि पुष्कळ वर्षें कारकुनाला अठ्ठावन्न आणि शिपायाला साठ, असा नियम चालविला. म्हणजे एकाच कचेरींत फाइल लिहिणाऱ्याची शक्ति दोन वर्षें आधीं संपे आणि ती उचलणाऱ्याची नंतर. या आंकड्यांच्या मागें हिशेब असतात, पेन्शनीचे आणि जागांचे. ते असावेतहि. माझ्याच महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर राबणारीं, तीस-पस्तीस वयाचीं मुलें माझ्या जागेकडे डोळे लावून बसलेलीं आहेत, आणि त्यांना तो अधिकार आहे. साठाव्या वर्षीं मी जाईन. आनंदानें नसलें तरी विनातक्रार जाईन. माझें म्हणणें जाण्याविषयीं नाहीं. जाण्याच्या आधींच गेलेला धरला जाण्याविषयीं आहे.

अशा वेळीं थोरांचीं उदाहरणें देण्याचा मोह होतो. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजांतून निवृत्त झाले १९१४ सालीं, आणि महिला विद्यापीठ काढलें १९१६ सालीं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं. वाचून ऊर भरून येतो. पण खरें सांगावयाचें तर या उदाहरणाचा माझ्या काकांना कांहीं उपयोग नव्हता. अण्णासाहेब कर्वे यांच्या तेजाला वय झांकूं शकत नाहीं, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. ज्याच्यापाशीं तेज नाहीं, नुसतें चांगलें काम आहे, त्यानें काय करावें? सामान्य माणसाला थोरवी दाखविल्यावांचून आपलें काम करूं मिळावें, एवढीच त्याची मागणी असते.

म्हणून मला कर्व्यांपेक्षां टंकलेखकांची गोष्ट अधिक मोलाची वाटते. टिमथी सॉल्टहाउस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९८४ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकोणीसपासून बहात्तर वर्षांपर्यंतचे टंकलेखक त्यांनीं तपासले. दिवा लागतांच कळ दाबावयाची, असल्या साध्या चाचणींत वय जास्त तसा हात मंद ठरला. यांत वाद नाहीं. आपण मंद होतों. पण प्रत्यक्ष मजकूर टंकावयास दिला, तेव्हां म्हातारे तरुणांच्या मागें पडले नाहींत. कारण शोधतां दिसलें कीं, बोटें एका अक्षरावर असतांना वृद्धांची नजर तरुणांपेक्षां कितीतरी पुढच्या अक्षरांवर असे. पुढचा मजकूर झांकला, तेव्हां मात्र तेच अधिक अडखळले. त्यांनीं ही युक्ति मुद्दाम ठरवून योजली होती असेंहि नाहीं. वर्षानुवर्षांच्या कामानें ती अंगवळणी पडली होती. काकांचा पुढचा मजकूर मीं झांकून टाकला होता, हें हा प्रयोग वाचतांना मला कळलें.

शेवटीं मी मॅडमच्या खोलींत गेलों. चार वाक्यें घोकून गेलों होतों. तोंडून निघालें तें एकच, आणि तेंहि माझें नव्हे. "मला तें दप्तर येणार नाहीं, असें तुम्हांला कोणीं सांगितलें?"

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "कोणीं नाहीं, सर. मीं विचारायला हवें होतें." सव्वीस वर्षांत मला जें म्हणतां आलें नव्हतें, तें या मुलीनें एका श्वासांत म्हटलें. लगेच पुढें विचारलें, "येतें का तुम्हांला?"

"निम्में येतें."

"मग निम्में तुम्ही करा. दुसरें वर्ष तुमचें."

पहिल्याच फेरींत मीं घोळ घातला. त्रेचाळीस मुलांच्या तोंडी परीक्षेचे गुण लेखीच्या रकान्यांत भरले, आणि ते पक्के करण्याचें बटण दाबून मोकळा झालों. एकदां पक्के झालेले गुण विद्यापीठाच्या परवानगीशिवाय बदलत नाहींत. मॅडमना अर्ज लिहावा लागला, दोन खेपा घालाव्या लागल्या. तिसऱ्या दिवशीं माझ्या टेबलापाशीं येऊन त्या सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "सर, असें कसें केलेंत? दाबण्यापूर्वीं वर काय लिहिलें आहे तें वाचायचें नाहीं का?" मग त्यांच्याच लक्षांत येऊन त्या ओशाळल्या. मीं चूक कबूल केली. वयाचा उल्लेख त्यांनीं केला नाहीं. मींहि केला नाहीं. शेजारचा तरुण सहकारी गालांत हंसला, आणि आठ दिवसांनीं त्याच रकान्यांत तोहि फसला.

स्वागत-समिति अजून माझ्याकडेच आहे. दुपारीं तास नसला कीं मी ग्रंथालयांत जातों. कार्डांचें जुनें कपाट जिन्याखालीं टाकून दिलेलें होतें; ग्रंथपालांनीं तें मला उघडून दिलें. कांहीं खणांना कसर लागली आहे, पण अक्षर शाबूत आहे. 'पाहा' कार्डें वेगळीं काढून मी संगणकाच्या सूचींत भरतों. आतां तेथें देवनागरी चालते, आणि क्रमांकाचाहि हट्ट नाहीं. एक कार्ड भरावयास मला चार मिनिटें लागतात. ग्रंथालयांतल्या मुलाला दीड लागलें असतें, असें तो म्हणतो. पण एक कार्ड हातीं आलें कीं त्याच्याजवळ आणखी दोन असावींत, हें मला कळूं लागलें आहे, आणि तीं बहुधा असतात. आजवर एकशें बारा कार्डें झालीं. 'प'पासून पुढच्या खणांची सळई गंजून बसली आहे. ती काढावयास उद्यां सुतार येणार आहे.